सुकटवालीची यादी

मुरबाडच्या जीप स्टँडजवळ ती सुकट विकायला बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. करोनात बाजार बंद झाला आणि आम्ही काही जण शाळेच्या व्हरांड्यात डोंगरातल्या पाड्यांसाठी शिधा भरू लागलो, तेव्हा तोंडाला पदर बांधून ती आली.

आमची तयारी मला अगदी चोख वाटत होती. प्रत्येक पिशवीत गव्हाचं पीठ, डाळ, तेल, साबण. तिनं एक पिशवी चाचपली आणि कपाळावर हात मारला.

"पीठ कोन खातंय रे तिकडं? तांदूळ भरा, मीठ भरा. आनि सुकट नाय तर भात घशाखाली उतरल कसा?"

मग ती तिथंच फतकल मारून बसली आणि बोटांच्या पेरांवर एकेक पाडा मोजू लागली. कुठं म्हातारी एकटी आहे, कुठं ओली बाळंतीण आहे, कुणाचे आईबाप वीटभट्टीवर अडकलेत. सगळी तिची गिऱ्हाइकं! मी भराभर लिहीत होतो, अंगात नुसतं वारं भरलं होतं. आमची जुनी यादी मी फाडूनच टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं घरातली होती नव्हती ती सुकट आणून आमच्यापुढं ओतली.

वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यात एका आजीनं पिशवी उघडली, सुकटीचा वास घेतला आणि बाकी काही न बघता मला विचारलं, "आमची सुकटवाली जिती हाय ना रे?"

"हाय, आजी! तिनंच धाडलंय!" मी मास्कमधूनच ओरडलो.