सत्काराची शाल आणि कळसाडीचा रस्ता

कळसाडीच्या गजराबाईचा आवाज असा, की ती घरात सुनेवर चिडली तरी पाटापलीकडचे बैल कान टवकारत. त्याच आवाजावर तिनं रस्ता आणला.

गावाबाहेर पाटाची झिरप लागून काळी माती कायम लोण्यासारखी. उसाची ट्रॉली रुतायची, ॲम्ब्युलन्स पलीकडूनच माघारी फिरायची. गेल्या साली गजराबाईच्या जावेला खाटेवरून नेलं, तर तिनं त्या चिखलातच जीव सोडला. तेव्हापासून रास्ता रोको, घेराव, साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसणं, सगळं झालं. शेवटी खातं नमलं.

नमलं म्हणजे काय, प्रयोग काढला. चिखलावर जाड पांढरं कापड अंथरायचं, वर खडी. पाणी निथळून जातं, खडी मात्र खाली बुडत नाही. आधी छोटा तुकडा करायचा, भरल्या ट्रॉलीनं तपासायचा. पास झाला तर पुढचा रस्ता, नाहीतर फाईल बंद.

भूमिपूजनाला पुढारी आले, आणि त्यांच्यामागं एवढे कार्यकर्ते, की शाली संपल्या. आता सत्कार अडला म्हणजे राज्यच अडलं की! ठेकेदारानं मंडपामागं जाऊन कात्री चालवली. गावच्या मानकऱ्यांच्या खांद्यांवर जाड, पांढऱ्या, लोकरीसारख्या शाली पडल्या. गजराबाईची सगळ्यात लांब.

तिची सून रुपा, तिनं त्या शालीवर अंगणात मिरच्या वाळत घातल्या.

"आत्याबाई, खाले ओल धरस नही!"

"धरी कशी? मान शे तो मन्हा!"

तपासणीच्या दिवशी खात्याचा तरुण इंजिनिअर भूपेश आला. गावच्या ट्रॅक्टरवाल्या लोटननं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर घातला. अर्ध्यात गेला आणि मागची चाकं आसापर्यंत खाली.

"गजरामाय, तुन्हा रस्तानी मन्हा ट्रॅक्टर गिळी टाका!"

गजराबाई भूपेशवर धावली. "तुन्हं कापडच सडेल शे!"

भूपेशनं खडी उकरायला लावली. तेवढ्या जागेत खाली कापड नव्हतंच. त्यानं बॅगेतून नमुना काढला. "हे असं हवं होतं, मावशी. कोणीतरी चोरलंय. मला नापासच लिहावं लागेल."

"कोन शे तो चोर? घरघरनी झडती लेसू!" म्हणत तिनं नमुना हिसकावला, बोटांत चोळला, आणि गप्प झाली. गावानं तिला गप्प पहिल्यांदाच पाहिलं. बाकीचे मानकरी आपापल्या चपला न्याहाळू लागले.

रुपाला कुठलं राहवतंय. "आत्याबाई, हाऊ तं तुमना मान शे!"

"तोंड बंद कर नि मिरच्या झटक!" मग भूपेशकडं वळून, "साहेब, तुकडा जोडेल चालस का?"

"पक्की शिवण असेल तर चालते."

गजराबाई घरोघर फिरली. कुणाच्या पलंगावरून, कुणाच्या म्हशीच्या पाठीवरून मान गोळा झाला. बायांनी दाभण घेतलं, भूपेशनं नायलॉनचा दोरा दिला. कापड पुन्हा अंथरलं, खडी पडली, रोलर फिरला. लोटन देवाचं नाव घेत निघाला. ट्रॉल्या करकरल्या, डोलल्या, पण रुतल्या नाहीत. भूपेशनं मिरचीच्या खकाण्यानं शिंकत शिंकत 'पास' लिहिलं.

पुढचा रस्ता झाला. उद्घाटनाला पुन्हा तेच पुढारी, तोच ठेकेदार. पुढारी शाल घेऊन पुढं आले. गजराबाईनं खांदा मागं घेतला, शालीचा काठ चिमटीत धरला नि माईकला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं,

"आधी सांग भाऊ, हाई कोना रस्तानी शे?"