पितळेत ओतलेली वाइन

एकोणीसशे तीस सालाच्या आधीची गोष्ट. रेवदंड्याच्या खाडीपल्याड आमची किरिस्तावांची वाडी, आणि वाडीची एक रीत होती. मुलाकडची माणसं बोलणी करायला आली की मुलीच्या घरची मनुकांची वाइन त्यांच्यापुढे ठेवायची. मुलानं ग्लास रिकामा केला की मुलगी पसंत. थोडी जरी उरली, तरी माणसं काही न बोलता उठायची आणि आपल्या होडीत जाऊन बसायची. मग त्या मुलीकडे वर्षभर कुणी फिरकत नसे.

मला तो मुलगा हवा होता. स्पष्टच सांगते, आता या वयात लाजू कुणाला? पलीकडच्या बंदरातल्या तांडेलाचा मुलगा, बाप हाकायचा त्याच गलबतावर जायचा. सणाला चर्चच्या पायऱ्यांवर मी त्याला पाहिलं होतं, आणि त्यानं मला.

त्याच्याकडची माणसं बोलणी करायला येणार, त्या सकाळी बाबांनी बाटलीचं बूच काढलं आणि आमचे चेहरे पडले. पेटीत राहिलेल्या ओल्या कपड्यांसारखा कुबट वास! आई मटकन खाली बसली. घरात दोनच बाटल्या होत्या. दुसरीलाही तोच वास.

"कोंडलीय ती," आत्या म्हणाली. "उंचावरनं ओत, वारं लागू दे. मोकळी व्हईल."

"वारं लागलं की आंबून शिरका होतो, शिरका!" बाबा कडाडले. "बूच मार आणि गप ठेव."

दोघं बहीणभाऊ हमरीतुमरीवर आली. माझं डोकं फिरलं. "भांडताय काय? एकीला वारं देऊ, एक तशीच ठेवू, आणि चाखून बघू!" असं म्हणून मी एक बाटली उचलली. पाहुण्यांसाठी पहाटे चिंच लावून घासलेली पितळी भांडी समोर झळकत होती. त्यातल्या दोन तपेल्यांत ती वाइन या भांड्यातून त्या भांड्यात ओतली, आणि मासे तळून होईपर्यंत उघडी ठेवली.

मग चाखली. शी! जीभ आक्रसली. तोंडात जुना पैसा धरल्यासारखं वाटलं.

"सांगितलं व्हतं!" बाबा म्हणाले. आत्याचं तोंड एवढंसं झालं.

मी तपेलीत डोकावले. आतून नुसतं पिवळंधमक पितळ. कल्हईवाला पावसाळ्यापासून आला नव्हता आणि उरलीसुरली कल्हई मीच चिंचेनं खरवडून काढली होती. पाहुण्यांपुढे लखलखाट हवा ना! बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतंच. दोष वाऱ्याचा नव्हता, माझ्या घासण्याचा होता. पण बाबांना ते पटेना, आणि आता एकच बाटली उरली होती. ती बिघडली असती तर सगळं संपलं असतं.

"शीड दिसलं," बाहेरून आई ओरडली.

मी बाबांकडे बघितलंच नाही. कोरी चिनी मातीची बरणी घेतली, वाइन उंचावरून आत सोडली, लाकडी डावानं घुसळली. कळकलेली वाइन परत बाटलीत भरून चुलीमागे लोटली, टाकून यायलाही सवड नव्हती. बरणीजवळ नाक नेलं, तर कुबटपणा गेलेला! घोट घेतला. मनुका, लवंग, थोडी दालचिनी, सगळं जिभेवर वेगवेगळं लागलं. आत्यानं माझा गालगुच्चा घेतला आणि मी खरंच रडले.

पाहुणे बसले. बाबा बरणीतून वाढू लागले. तांडेल, त्याची बायको, मामा, काका... हात सैल सुटला होता त्यांचा. मुलगा वयानं धाकटा, म्हणून शेवटी. त्याच्या ग्लासाशी येईतो बरणी रिकामी! बाबा आत आले, चुलीमागची बाटली दिसली, बरणीत ओतून उरलेली समजून तीच उचलून घेऊन गेले. मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातांनी दारापर्यंत धावले, तोवर त्याचा ग्लास भरला होता.

ओरडणार कशी? सगळ्यांसमोर वाइन खराब आहे म्हणायचं?

त्यानं पहिला घोट घेतला आणि थांबला. नुसता थांबला. बाकीच्यांचे ग्लास रिकामे, सगळे त्याच्याकडे बघतायत. मग त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि ग्लास तळापर्यंत रिकामा केला.

"ब्येस हाय," तो म्हणाला.

लग्न झालं. एकदा जेवताना सासरे हसत म्हणाले, "बोलणी करून परतताना ह्यो खाडीभर ओकत व्हता. तांडेलाचा पोर, आन् होडी लागली!" सगळे खो खो हसले. हा खाली मान घालून जेवत राहिला.

मागच्या दारी त्याला गाठला. "कळलं होतं ना तुम्हाला?"

"पयल्या घोटालाच."

"मग ठेवायची होती ना तशीच!"

"ठेवणार कशी? तू दारात उभी व्हतीस."