कॉम्प्युटरमधली तुओमोची बाजू

दोन दिवस तुओमो स्वतःला दोष देतो आहे, आणि दोष त्याचा नाही हे फक्त मला माहीत आहे. या एका गोष्टीने मला झोप नाही.

माझा हा मुलगा अडतीस वर्षांचा. फिनलंडमधल्या लिएक्साच्या जंगलातल्या वस्त्यांमधून फिरत्या वाचनालयाची बस चालवतो. तिथली म्हातारी माणसं कुणाशी फारसं बोलत नाहीत. तुओमोशी बोलतात, कारण त्याला गप्प बसता येतं. त्यातूनच त्याला नाद लागला, इथली जुनी करेलियन भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बायकांचे आवाज टिपून ठेवायचा. याला सात वर्षं झाली. लग्न केलं नाही, सुट्टीवर कधी गेला नाही, हेच केलं.

त्याच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम आहेत. विंडोजमध्ये वाचनालयाच्या याद्या, लिनक्समध्ये रेकॉर्डिंग. "ती नोकरीची बाजू, ही माझी," असं म्हणतो. पहिल्या पाच वर्षांच्या प्रती त्याने वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. पुढची दोन वर्षं राहून गेली.

शनिवारी तो सॉनासाठी, आमच्या वाफेच्या स्नानासाठी, घरी आला. मी चर्चच्या गायनमंडळाची गाणी म्हणून बघत होते.

"आई, माझ्या म्हाताऱ्या नुसत्या बोलतात, तरी तुमच्यापेक्षा सुरात असतात."

"मग त्यांच्याकडेच जेवायला जात जा."

हसत तो सॉनात गेला. मला गाण्यांचे कागद छापायचे होते. त्याचा लॅपटॉप विंडोजमध्ये चालूच होता. मी माझा पेन ड्राइव्ह लावला आणि डिस्कच्या यादीतल्या एका नावावर क्लिक केलं. वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, असं लिहून आलं. पेन ड्राइव्हबद्दलच विचारतंय असं समजून मी 'हो' म्हटलं. काही सेकंदांत काम झालं. मग त्याच्याच खाली मला माझा पेन ड्राइव्ह दिसला. गाणी जशीच्या तशी होती.

मग मी पुसलं काय?

तुओमो लालबुंद होऊन बाहेर आला. आमच्याकडे सॉनातून आलेल्या माणसाला अंग निवेपर्यंत कोणी काही विचारत नाही, सांगत नाही. मी त्या गप्पपणाचा आडोसा घेतला. त्याचं अंग निवलं, त्याने भात भरून भाजलेल्या चार पिरक्का खाल्ल्या, गाडी काढून गेलासुद्धा.

रविवारी त्याचा फोन आला.

"लिनक्स चालू होत नाही. काळा पडदा येतो आणि डिस्क ओळखता येत नाही म्हणतो. विंडोज कसंबसं उघडतं."

"कशाने झालं असेल?"

"मीच केलं. शुक्रवारी जागा वाढवायला दोन सिस्टिममधली हद्द सरकवली होती. नको तिथे हात घालायची खोड आहे मला."

मी म्हटलं, "नीट बघ, सापडेल." एवढंच म्हटलं.

आज मी योएनसू शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेले. शेजारणीचं झालंय असं सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, "विंडोजला लिनक्सची बाजू वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट करू का विचारतं. लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. पण त्यावर नवीन काही लिहिलं नसेल, तर बरंच परत मिळू शकतं. शेजारणीला सांगा, मशीन बंद करून इकडे आणा."

"आणि सिस्टिम नव्याने टाकली तर?"

"मग माझ्याकडे येऊ नका."

घरी आले तर पुन्हा त्याचा फोन.

"रेकॉर्डिंगमधल्या त्या ओक्सेन्याच्या भाचीला कळवलं, की मावशीचा आवाज गेला. वसंतात वारली ना ती, भाचीला ऐकायचा होता." मग म्हणाला, "आज सगळं पुसून लिनक्स पुन्हा टाकतो. रेकॉर्डिंग मात्र बस झालं. माझ्यासारख्याने असलं काम करू नये."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं, "जेवलास का?"

तो म्हणाला, "बघू."

हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. त्याने मला पुन्हा त्याच्या कशालाही हात लावू दिला नाही तरी चालेल. तो कदाचित आत्ताच नवी सिस्टिम टाकायला बसला असेल. आधी सांगेन, मशीन बंद कर. मग सांगेन, मी केलं. नंबर लावते आहे.