रोबोटने रचलेली, काकूंनी लिंपलेली

आमच्या कामावर माती रोज चाळून संपते, किस्से मात्र साचत जातात.

पूर्वी मी धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचो. आता मातीच्या भिंती रचणारा रोबोट चालवतो. लोखंडी हात फिरतो, नोझलमधून चिखल पडतो, थरावर थर चढतो. नागोठण्याच्या अलीकडे, उंचावर, आनंदीकाकू आणि दत्ताराम काकांचं घर बांधत होतो. जुनं पुरात गेलं होतं. काकूंनी जन्मभर गावाच्या भिंती लिंपलेल्या, म्हणून माती मळायला त्याच.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्यो जेवतो काय?"

"लाईटवर चालतो, काकू."

"मंग उपाशीच मरल. हितं लाईट कुठं टिकते?"

*

एकदा काकूंनी सवयीने चिखलात लांब पेंढा घातला. नोझल तुंबला. मी पाना शोधतोय तोवर काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि रोबोटसमोर बसून एकेक काडी ओढू लागल्या.

"माझ्यामुळं घशात अडकलं बिचाऱ्याच्या."

तेव्हापासून पेंढा त्या स्वतः बारीक कापायच्या.

*

आमची आर्किटेक्ट मेघना पेणची. भिंतीवरच्या थरांच्या रेषांवर तिचा भारी जीव.

"काकू, आतून लिंपायला नको. अशाच छान दिसतात."

"नाय गो बाय. पाव्हणे म्हनतील, काम अर्धं टाकून पळाले."

मेघना हसली, आणि साडीचा पदर खोचून काकूंबरोबर लिंपायलाच बसली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, तर उचलायला कोरडा हात नव्हता. फोन मी तिच्या कानाला धरला.

*

काकांची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली. जुन्या घरात ते सवयीने एकटे फिरत. पुरानंतर शेजाऱ्यांकडे राहायला गेले, तिथे रात्री लघवीला उठायचं तर कुणीतरी हात धरायला हवा. कुणाची झोपमोड नको म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं होतं.

लिंपण संपल्यावर मेघना घर बघायला आली. सगळ्या भिंती गुळगुळीत. फक्त कमरेच्या उंचीवर, काकांच्या खाटेपासून मागल्या दारापर्यंत, चार बोटं रुंद पट्टी तशीच खडबडीत सोडलेली.

"काकू, हे लिंपायचं राहिलं?"

"असू दे गो."

राहायला आले त्याच दिवशी मी मशीन न्यायला गेलो होतो. काका खाटेवरून उठले, भिंतीवर बोटं टेकवली आणि सावकाश मागल्या दाराबाहेर आले. काकू भांडी घासत होत्या. त्या उठल्या नाहीत.

काका जरा वेळ वाऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, "आनंदे, आज माझ्या उशाशी तांब्या भरून ठेव गो."