रशियन नानांची कात्री

जळगावात ज्यांच्या लग्नाचं शूटिंग रशियन नानांनी केलं, त्यांच्या घरी ती कॅसेट शेवटपर्यंत कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. नाना लग्न कापत नसत. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत कॅमेऱ्यासमोर जे आलं ते सगळं जसंच्या तसं गिऱ्हाइकाच्या हातात. रिकाम्या खुर्च्या, माइक वाजतो का ते बघणारा माणूस, बट्टीवर वरण पडायची वाट बघत ताटाकडे टक लावून बसलेली पंगत. दुसरे शूटिंगवाले नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं की लगेच पडद्यावर गुलाब उमलवायचे. नानांच्या कॅसेटमध्ये नवरी रडायची, नाक पुसायची आणि मावशीला विचारायची, माझी दुसरी चप्पल कुठे गेली.

तरी नानांना कामं मिळायची, ती आहेरामुळे. आमच्याकडे आहेर करणारा प्रत्येक माणूस कॅसेटमध्ये दिसलाच पाहिजे. भडगावच्या एका घरात धाकट्या मामांचा टॉवेल-टोपीचा आहेर दुसऱ्या एका शूटिंगवाल्याने कापला, तर मामांनी पुढच्या दिवाळीला बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही. नानांच्या हातून असा अपमान कुणाचा झाला नाही. लोक कौतुकही करायचे आणि पाठीमागे हसायचेही, की हा माणूस रशियात जाऊन फिल्म कापायची विद्या शिकला आणि आता याला साधी कॅसेट कापता येत नाही. नाना ऐकून घेत. खरं कारण मला माहीत होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

मी धुळ्याहून जळगावच्या कॉलेजात मराठी शिकवायला आले आणि नानांच्या वरच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहिले. नाना पाचोऱ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. शिष्यवृत्तीवर मॉस्कोला जाऊन दिग्दर्शन शिकून नुकते परतलेले. मुंबईला न थांबता ते सरळ गावी आले, याचं त्यांच्या घरच्यांना शेवटपर्यंत कोडं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि साखर किती घालू हे विचारायच्या आधी विचारलं, तुम्हाला अहिराणी येते ना?

त्यांच्या खोलीत एका रशियन म्हाताऱ्याचा फोटो होता. नाना त्याचं नाव कधी घेत नसत, ‘आपला म्हातारा’ म्हणत. नानांच्या गुरूचा तो गुरू. तिकडे सिनेमा अजून बोलायलासुद्धा लागला नव्हता तेव्हा याने सिनेमाचं व्याकरण लिहिलं. क्रांतीनंतरच्या टंचाईत कच्ची फिल्म मिळेना, तर पोरांना घेऊन रिकाम्या कॅमेऱ्यासमोर अख्खे सिनेमे उभे केले. आणि एक प्रयोग केला, जो नाना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. एका नटाचा चेहरा, अगदी कोरा. त्याच्यापुढे सूपची वाटी जोडली तर लोक म्हणाले, काय भूक दाखवलीय. शवपेटी जोडली तर म्हणाले, काय दुःख. चेहरा तोच. नाना सूपच्या जागी भरीत-भाकरी घालून सांगत आणि शेवटी म्हणत, “चेहरा कुणाच्या बापाचा नसतो, ताई. शेजारी काय ठेवलं, त्याचा असतो.”

म्हाताऱ्याचं पुढे काय झालं हेही ते सांगत, पण आवाज खाली आणून. सत्तेला त्याचे सिनेमे पटेनात. तुझ्यात जनता दिसत नाही, नुसती कारागिरी दिसते, असा आरोप झाला. त्याने चारचौघांत उभं राहून आपलं चुकलं म्हणून कबूल केलं, हळूहळू सिनेमा सोडला आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांना शिकवण्यात काढलं. मला हे ऐकताना म्हाताऱ्याची कीव यायची. नानांना त्याचा अभिमान होता. वाकला पण जगला, असं ते म्हणत. त्या वेळी मला हे मोठं शहाणपणाचं वाटलं होतं.

नानांना एकच फिल्म करायची होती. साक्री तालुक्यातलं एक गाव धरणात जाणार होतं. माणसं घरांची लाकडं, कौलं, दारं स्वतःच्या हाताने उतरवत होती, म्हणजे नव्या जागी तीच वापरता येतील. नानांना ते सगळं, तिथल्या माणसांच्या तोंडून, अहिराणीतच दाखवायचं होतं. मी बोलणं लिहून घ्यायची. गाडी, माणसं, फिल्म असं सगळं भागातल्या एका पुढाऱ्याने पुरवलं. त्याला सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही तेवढंच म्हणते. नानांनी म्हाताऱ्याचीच रीत उचलली. पहिले कितीतरी दिवस कॅमेरा रिकामा फिरवला. गावकऱ्यांना हे माहीत होतं. “नाना, आज पोटमा काही शे का उपाशीच?” असं कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ते विचारायचे, आणि हळूहळू विचारायचेही थांबले. लोकांच्या अंगातून कॅमेऱ्याची भीती निघून गेल्यावरच नानांनी फिल्म भरली.

सुंदरअक्का नावाची एक विधवा बाई होती. तिच्या घराची तुळई उतरवायची होती, त्या सकाळी नाना कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. घराकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे. ती रडली नाही. तिने पदर नीट केला आणि बघत राहिली. तुळई खाली आली तेव्हा तिचे डोळे किंचित वर झाले आणि ओठ हलले, एवढंच. मी शेजारी वही धरून उभी होते आणि मला काही लिहिता आलं नाही. परतताना गाडीत नाना म्हणाले, या चेहऱ्यापुढे काही नाही जोडलं तरी चालेल. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

शूटिंग संपलं आणि साहेबांनी फिल्मचे डबे आपल्या कारखान्याच्या गेस्ट हाउसवर ठेवून घेतले. मग निरोप आला की थोडं आमचंही दिसू द्या. पुनर्वसनाच्या गावात साहेबांच्या हस्ते हातपंप सुरू झाला होता, त्याचंही शूटिंग त्यांच्या माणसांनी करून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, नाना, नाही म्हणा. ते म्हणाले, आधी त्यांचं करून देऊ, मग त्याच मालातून आपलं करू. मी चिडून वर निघून गेले. साहेबांनी निवेदनाला नाशिकहून कुणी कवी आणला होता, माझी गरज नव्हती. नाना मुंबईला गेले आणि फिल्म पुरी करून आले.

ती पहिल्यांदा दाखवली पुनर्वसनाच्याच गावात, शाळेच्या पटांगणावर पडदा बांधून. साहेब पुढे, बाया डाव्या हाताला सतरंजीवर. पडद्यावर सुंदरअक्काचा चेहरा आला. पदर नीट केलेला. मग साहेब गाडीतून उतरले. मग अक्काचे डोळे किंचित वर झाले, ओठ हलले. मग साहेबांचे जोडलेले हात. बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की या बाईला देव भेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा क्षणभर फसले, आणि तो चेहरा प्रत्यक्ष पाहिलेली मी होते.

दिवे लागल्यावर नाना प्रोजेक्टरपाशी उभे होते. अक्का बायांमधून उठून त्यांच्याकडे आली. मला वाटलं, ही आता शिव्या देणार, आणि मला ते हवंही होतं. ती हळू आवाजात, खरोखरच न कळल्यासारखं बोलली.

“नाना, मी ते मनं घर देखी रायंती. मधमा हाऊ मानूस कोठून उना?”

मी माझं घर बघत होते, मध्येच हा माणूस कुठून आला, एवढंच तिला विचारायचं होतं. नाना प्रोजेक्टरवरचं रीळ उतरवू लागले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती घरी गेली.

परतीच्या वाटेवर मी नानांना सोडलं नाही. ते म्हाताऱ्याचं नाव पुढे करू लागले, तोही वाकला होता म्हणून. मी म्हटलं, त्याच्या मानेवर सुरी होती. तुमच्या मानेवर काय होतं? गेस्ट हाउसचा चहा? धुळं मागे पडलं. मग नाना म्हणाले, “भीती नव्हती, ताई. तेच तर वाईट आहे. तो जोड इतका बेमालूम बसला, की मला मजा आली.”

मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या आहेत. कॉपी करताना पकडलेल्या पोरांच्या, निवडणुकीत पक्ष बदललेल्या सहकाऱ्यांच्या. सगळे परिस्थितीकडे बोट दाखवतात. एवढं नागडं खरं बोललेला माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि म्हणूनच मी त्यांच्याशी बोलणं कायमचं तोडू शकले नाही. माफ मात्र केलं नाही. त्यांनी तसं मागितलंही नाही.

‘आपलं’ मग कधी झालंच नाही. उरलेले डबे कारखान्याच्या पत्र्याच्या गोदामात पडले आणि आपल्या इथल्या उन्हाळ्यांनी रिळं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. ज्या देशाने नानांना शिकवलं तो देशही नकाशावर राहिला नाही. म्हाताऱ्याचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढला. पोटासाठी लग्नांचं शूटिंग घेतलं, आणि कात्री पुन्हा हातात धरली नाही.

साहेबांच्या फिल्ममधून छाटलेला एक तुकडा मात्र त्यांनी आणला होता. त्याच सकाळचा, सुंदरअक्काचाच, तुळई उतरून गेल्यानंतरचा. म्हातारपणी पुण्याहून तो कॉम्प्युटरवर उतरवून आणला. संध्याकाळी मी खाली गेले की ते तो लावून बसलेले असत. पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसता चेहरा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. कधी डोळे भरायचे. अक्का तोवर गेलेली होती. गेल्या वर्षी पत्रकारितेच्या कोर्सची काही मुलं नानांची मुलाखत घ्यायला आली, तेव्हा नानांनी त्यांनाही तो तुकडा दाखवला. मुलांनी तो बघत बसलेल्या नानांचं शूटिंग करून नेलं.

दिवाळीनंतर नाना गेले. शोकसभा नाट्यगृहात झाली. व्यवस्था साहेबांच्या चिरंजीवांची, कारण आता साहेब तेच. ‘खान्देशच्या सुपुत्राला मानवंदना’ म्हणून एक छोटी फिल्म दाखवली. पडद्यावर नाना आले, आपल्या खुर्चीत, समोर टक लावून बघत असलेले. डोळे भरलेले. मग थोरले साहेब, हातपंपाशी. मग पुन्हा नाना, ओठ घट्ट मिटलेले. मग धाकटे साहेब, तसबिरीला हार घालताना. मागे बासरी.

मी उभी राहिले. माझा आवाज वर्गात कमावलेला आहे, माइक लागत नाही. मी म्हटलं, “तो माणूस सुंदरअक्काला बघत होता. मधमा हाऊ मानूस कोठून उना?” पुढच्या रांगेतले काही जण हसले. म्हातारी बाई अहिराणीत काहीतरी गमतीची आठवण सांगतेय, असं त्यांना वाटलं. सूत्रसंचालकाने आदराने हात जोडले, भावना अनावर झाल्या म्हणाला, आणि एका मुलीने मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो घेतला आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शोकसभेचा व्हिडिओ आला. शेजारणीने सांगितलं, ताई, त्यात तुम्हीपण आहात, छान दिसताय. मी पाहिला. नाट्यगृहात मी उभी आहे, डोळ्यांत पाणी, ओठ हलताहेत. आवाज काढून टाकलाय, बासरी तेवढी आहे. आणि माझ्यापुढे लगेच धाकटे साहेब हात जोडून उभे आहेत.