चांगल्या बातमीची भीती

त्या वर्षांत लातुरात बारावी सायन्सला मुलगा एकटा येत नसे. त्याच्यामागून गॅसची शेगडी, पिठाचा डबा आणि आई येत असे. माझ्या मुलाला मेसचं जेवण मानवेना, म्हणून घर आणि शेत मालकांच्या, म्हणजे पोराच्या बापाच्या हवाली करून मीही क्लासच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिले. आमच्या जिन्यावर अशा बऱ्याच आया होत्या. पोरं डॉक्टर व्हायची होती आणि आम्ही काळजीनं आधीच आजारी पडलो होतो.

पोरगा पहाटे उठून मोठ्यानं पाठ करायचा. पुस्तक इंग्रजी आणि डोकं मराठी, त्यामुळे प्रत्येक ओळ तो दोन्हींत म्हणायचा. त्याच्यापायी माझंही निम्मं जीवशास्त्र पाठ झालं होतं. एका सकाळी मी विळीवर कांदा चिरत होते आणि तो एचआयव्ही कशानं होतो ते घोकत होता. ‘दूषित रक्त चढवल्यास,’ असं तो म्हणाला आणि माझा हात थांबला.

मला रक्त चढवलं होतं. भूकंपात आमचं गाव गेलं, तेव्हा ढिगाऱ्यातून काढून मला दवाखान्यात नेलं. पाय चेंगरला होता. परक्या माणसांनी रांगा लावून रक्त दिलं आणि त्यातलं कुणाकुणाचं माझ्या अंगात गेलं. त्या गोंधळात कुणाची बाटली तपासली आणि कुणाची नाही, हे कोण सांगणार? इतकी वर्षं मी त्या अनोळखी माणसांना मनातल्या मनात हात जोडत होते. आता त्यांच्यावरच संशय घ्यायला लागले, याचं मला फार वाईट वाटलं.

मी माझा पेला वेगळा केला. विळीवर बोट कापलं की चिरलेली सगळी भाजी फेकून द्यायची. पोरगा एवढा घोडा झाला तरी पहिला घास माझ्या हातून खायचा, तेही मी बंद केलं. पेल्यानं आणि घासानं हा रोग होत नाही, हेही तो त्याच सकाळी घोकत होता. पण भीती अर्धाच धडा ऐकते. त्याला वाटलं, परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून आई रुसली. तो बिचारा आणखी लवकर उठून अभ्यास करायला लागला.

शेवटी सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी केली. निगेटिव्ह आली. तिथल्या बाईंनी हसून सांगितलं, की काही नाही, निर्धास्त राहा. मी घरी आले आणि पेला वेगळाच ठेवला. थोड्या दिवसांनी पुन्हा तपासणी केली, पुन्हा तेच उत्तर आणि तसंच हसू.

ते हसू मला ओळखीचं होतं. भूकंपानंतर मी खाटेवर पडून होते, तेव्हा लेकीबद्दल विचारलं की सगळे असंच हसायचे. मुलगा त्या रात्री मामाकडे अहमदपूरला होता म्हणून वाचला. लेक माझ्या कुशीत झोपली होती. मालक रोज सांगायचे, की तिला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलंय, छान खेळतेय. नर्सबाई माना डोलवायच्या. मी बरी होऊन उठेपर्यंत माझी लेक त्या सगळ्यांनी मिळून जिवंत ठेवली. जीव लावूनच केलं त्यांनी ते, तरी मालकांवरचा राग माझ्या मनातून गेला नाही. आणि तेव्हापासून दवाखान्यात कुणी सगळं ठीक आहे म्हटलं, की मला ते खोटंच वाटतं.

लातूरच्या बाईंना माझी दया येत असेल, असं मी ठरवून टाकलं आणि नांदेड गाठलं. पोराला सांगितलं, मामाकडे जाते. अहमदपूरच्या स्टँडवर एसटी चहासाठी थांबली तेव्हा भाऊ दिसेल म्हणून मी तोंडावर पदर घेऊन बसले. चोरी केल्यासारखी.

नांदेडच्या दवाखान्यातही तपासणी निगेटिव्ह आली, पण तिथल्या समुपदेशक बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, की लागण झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांतच तपासणी फसू शकते. तुमच्या रक्ताला वर्षं लोटली, आता निगेटिव्ह म्हणजे नाहीच. मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. विश्वास बसलाच नव्हता.

माझ्यानंतर आत गेलेली बाई बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि माझ्याशेजारी येऊन टेकली. माझ्याच वयाची, हातात रिकामी पिशवी. मी काही विचारलं नव्हतं. समोर बघत ती म्हणाली, "मला हाय म्हनल्या."

मग तिनंच विचारलं, "तुमाला?"

"न्हाई म्हनल्या," मी म्हणाले, आणि म्हणताना मला कळलं की ते खरं आहे. ज्या बाईंनी हिला तोंडावर सांगितलं, त्या मला कशाला फसवतील? इतक्या दिवसांत जे कुणाला जमलं नाही, ते हिच्या दुःखानं केलं. माझा जीव हलका झाला आणि त्याच क्षणी मला हमसून रडू आलं. वर तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती मागे सरली. "उष्टी हुईल तुमची."

"होऊ द्या," मी म्हणाले. ती घटाघटा प्याली. मग तिच्या हातातून बाटली घेऊन मी उरलेलं पाणी तोंड लावून प्याले. गोळ्या मिळतात, पुन्हा बोलावलंय, असं ती सांगत होती, आणि आम्ही बराच वेळ तिथं बसलो.

लातूरला पोचले तोवर पोरगा क्लासवरून आला होता. ताट वाढलं आणि पहिला घास त्याच्या तोंडात भरवला. तो एवढा खूश झाला की घास गिळायच्या आधीच बोलला, "मार्क वाढले म्हून ना, आई?"

"हाव," मी म्हणाले.

तेवढं खोटं माझ्या तोंडून किती सहज गेलं. खाटेशेजारी बसून सोलापूरच्या गोष्टी सांगणारे मालक मला आठवले. इतकी वर्षं त्यांच्यावर धरलेला राग घेऊन मी तशीच ताटापाशी बसून राहिले. मग पोराला म्हटलं, उद्या सकाळी गावाकडं फोन लाव, मला तुझ्या बापाशी बोलायचंय.