पेर्पेत्यूचा पहिला घोट

आमच्या टेकडीवर ज्वारीची दारू करावी तर पेर्पेत्यूनेच. त्या कापाकापीनंतर तुत्सी खाली रस्त्यालगतच्या छावणीत गेले, हुतू वर राहिले, आणि बाजाराच्या दिवशी दोघेही तिच्याच अंगणात येऊन वेगवेगळी मडकी मागू लागले. आमच्याकडे एकाच मडक्यात लांब नळ्या घालून सगळ्यांनी मिळून प्यायची रीत, त्यामुळे तिचं डोकं फिरायचं. "मडकं एकच आहे. नळ्या घालायच्या तर घाला, नाहीतर तहानलेले जा!"

ती हुतू, नवरा बुतोयी तुत्सी. त्याला शेजाऱ्यांनीच घरातून ओढून नेलं होतं. प्रेतही मिळालं नाही. त्याला पुरलं कुठे, एवढंच ती कित्येक वर्षं विचारत होती, आणि उत्तरादाखल तिला भाषणं ऐकावी लागत. शाळेचे मास्तर तर रंगातच यायचे. "इथे राज्य करताना बेल्जियनांनी आपली नाकं मोजली, ओळखपत्रावर जात लिहिली, तिथून हे सगळं…"

"मोजली असतील!" ती करवादायची. "माझ्या नवऱ्याचा खड्डा काय बेल्जियनांनी खणला? पत्ता विचारायला तिकडे जाऊ?"

मलाही त्या भाषणांचा वीट आला होता. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्याआड सगळे सोयीस्करपणे लपत होते.

मग टांझानियात पळालेला निझिगामा परतला. बुतोयीला नेणाऱ्यांत तो होता, हे सगळ्यांना ठाऊक. तरी बाजाराच्या दिवशी निर्लज्जासारखा अंगणात येऊन बसला. आमच्यात पहिला घोट यजमानाने घ्यायचा, दारूत विष नाही हे दाखवायला. पेर्पेत्यूने मडकं मधोमध ठेवलं आणि हाताची घडी घालून बसली.

"वहिनी, चाखा ना," निझिगामा म्हणाला.

"तूच पी की. घाबरतोस कशाला?"

कुणाचीच नळी हलेना. प्यावं तर जिवाची भीती, उठून जावं तर विष मिळण्याजोगं काही केलंय हे सगळ्यांदेखत कबूल. निझिगामा तिच्याकडे झुकला.

"वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत. त्याला कुठे पुरलंस ते सांग, लगेच घोट घेते."

मास्तरांनी घसा खाकरला. "आता इतिहास पाहिला तर…"

"मास्तर, गप्प बसा हो!" मी ओरडले.

निझिगामाने मान खाली घातली. "तुमच्याच केळीच्या बागेत. खालच्या बांधाशी."

त्याच बागेतली केळी ती इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना वाटत आली होती. तिने नळी घातली, शांतपणे एक लांब घोट घेतला आणि मडकं त्याच्याकडे सरकवलं.

"पी," ती म्हणाली. "आणि कुदळ घेऊन चल."